सिलिंडर दोन

धोंगडे सरांनी वॅगनार आणली
तेव्हा मीटरवर, इंजिनाचा पिवळा दिवा असतो तिथे,
काळ्या चिकटपट्टीचा एक चौकोन होता.
कात्रीनं कापलेला. चारी कोन काटकोन.
"बावीस दिवस झाले," म्हणाले,
"रात्री फार डोळ्यांवर येतो."

वारज्यात सतरा वर्षं गॅरेज चालवतोय,
दिव्यावर टिकली चिकटवणारे पाहिलेत,
लिंबू-मिरची बदलून बघणारेही.
पण सर म्हणजे दर रविवारी हवा तपासणारा माणूस.
कप्प्यात वही: तारीख, लिटर, किलोमीटर, कुठे.
रेघा पट्टीनं मारलेल्या.
शाळेत भूमिती शिकवायचे. चाळीसच्या वर काटा नाही,
मागून रिक्षावाले काय काय म्हणतात
ते त्यांना नीट ऐकू येतं.

स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला.
पी शून्य तीन शून्य दोन.
दुसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकतोय.

"म्हणजे कॉईल गेली?"
नाही सर. म्हणजे एवढंच, की कुणीतरी ओरडलं
आणि कुठून ओरडलं ते कळलं.
का, ते हे यंत्र सांगत नाही.
प्लग असेल, नोझल असेल,
उंदरानं वायर खाल्ली असेल.

मग पुढचं पान उघडलं. फ्रीज फ्रेम.
ठोका चुकला त्या घडीचे आकडे गाडी जपून ठेवते,
त्या एकाच घडीचे.
बाकी सगळा रस्ता विसरते.

पाणी एक्केचाळीस डिग्री.
फेरे पाच हजार दोनशे.
लोड चौऱ्याण्णव टक्के.
वेग शहाऐंशी.

मी दोनदा वाचलं.
पाणी एक्केचाळीस म्हणजे इंजिन अजून गारच,
घरून निघून दोन-तीन मिनिटं,
सोसायटीचं फाटक, पूल, लगेच बायपास
आणि पाय पार खाली टेकलेला.

"सर, दुसऱ्या कुणी चालवली होती का?"

तौफिकनं पाना खाली ठेवला.
सर चष्मा पुसत राहिले.
"नाही," म्हणाले. "मीच."

पुढे विचारलं नाही.
बॉनेटखाली असेल तेवढंच आपलं.
"कोड पुसतो आता. दोनची कॉईल तीनवर टाकतो,
तीनची दोनवर, चांदणी चौकाचा चढ चढवून आणतो.
चूक कॉईलबरोबर सरकली, तर चोर सापडला."

"पुसलं की हे आकडेही जातात?"
"जातात."
"थांब मग."

वही काढली. बावीस दिवस मागे गेले.
त्या तारखेला लिटर नव्हते, किलोमीटर नव्हते,
'कुठे'च्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ,
पट्टीशिवाय मारलेली.
तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं:
४१. ५२००. ९४. ८६.
आणि जरा थांबून,
मी बघतोय हे माहीत असून:
कसूर केली नाही.

चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी कण्हली.
पी शून्य तीन शून्य तीन.
कॉईलच्या रबराला केसाएवढी चीर.
उभ्या गाडीत तिचा पत्ता लागला नसता,
ताण आला की ठिणगी तिथून बाहेर पळायची.
तौफिकनं नाना पेठेतून नवी आणली, साडेअकराशे.
जुनी सरांनी मागून घेतली, रुमालात गुंडाळली.
कशाला, कोण जाणे.

चिकटपट्टी मी नखानं काढली.
रॉकेलनं पुसलं तरी चौकोन अंधुक दिसतोच.
चावी फिरवली, दिवा पेटला,
सर दचकले.
"तो पेटणारच सर, सुरुवातीला एकदा.
आपण अजून पेटू शकतो का, तेवढं बघून घेतो."

विझला.

मग ते गेले. चाळीसनं.
कोपऱ्यावर इंडिकेटर दिला,
मागे-पुढे कुणी नसताना.